फाटकातून मावेल तेवढे

पाऊस उघडला आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की गारगोटीच्या नव्या वसाहतींत रस्त्याच्या कडेला तांबडे ढीग उभे राहतात. कुणाचा मुरूम, कुणाची माती, कुणाचे शेणखत. आमच्या भुदरगड तालुक्यातला पाऊस हा शहरातल्या पावसासारखा हजेरी लावून जाणारा पाहुणा नव्हे. तो जूनमध्ये मुक्कामाला येतो आणि परत जाताना अंगणातली पसापसा माती वेदगंगेकडे घेऊन जातो. मग आकाशकंदील टांगण्याच्या आत ज्याला त्याला अंगण सारखे करायचे असते. ट्रॅक्टरवाला येतो, ट्रॉली वर उचलतो, माल फाटकाबाहेर ओततो, पैसे मोजून घेतो आणि निघून जातो. माल तुमचा झाला खरा. पण तो पडला आहे घरापुढे आणि हवा आहे घरामागे. या पुढच्या आणि मागच्या मधले जे साठेक फूट आहेत, त्यांवर सगळी विद्या खर्ची पडते.

या साठ फुटांविषयी मी सदरात लिहीन, असे माझ्या नेहमीच्या वाचकांना वाटले नसेल. मी कॉलेजात मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध म्हणजे घरातला मिक्सर, आणि तोही बिघडेपर्यंतच. पण यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला, पाया पडला, चहा घेतला आणि कपातला शेवटचा घोट तसाच ठेवून म्हणाला, "मॅडम, एक काम होतं. जामीन पाहिजे होता."

जामीन! हा शब्द आमच्यासारख्यांच्या घरात उच्चारला, की हातातले कप खाली ठेवले जातात. मध्यमवर्गीय माणूस वर्गणी देतो, हातउसने देतो, प्रसंगी मुलीच्या लग्नाला ठेवलेल्यातले थोडे काढूनही देतो. पण सही म्हटली की त्याला धाकटे काका आठवतात. प्रत्येक घरात असा एक काका असतोच, ज्याने कुणासाठी तरी सही केली आणि पुढे दहा वर्षे पगारातून फेड केली.

मुलगा चांगला. बी. ए.ला मराठी घेतले, नोकरीच्या मागे दोन वर्षे हिंडला आणि मग बंगल्यांच्या बागा करून देण्याचा धंदा सुरू केला. माती भरणे, मुरूम पसरणे, हिरवळ लावणे, चिऱ्यांचा छोटा बांध घालणे, फरशी बसवणे अशी कामे. हाताखाली दोन गडी आणि तीन बायका. त्या तिघींत एक त्याची आई. आता त्याला कोल्हापुरातून एक जुना 'बॉबकॅट' घ्यायचा होता. पतसंस्था कर्ज द्यायला तयार होती. दोन जामीन हवे होते. एक मामा मिळाला होता, दुसरी मी.

मी लगेच हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. म्हटले, "आधी मला समजावून सांग, हे यंत्र नेमके करते काय?" परीक्षा घेण्याची सवय पंचवीस वर्षांची. तो चटकन मोबाईलवरची चित्रे दाखवू लागला. मी वही काढली.

पहिली गंमत नावांची. 'जेसीबी' हे आमच्या बाजूला आता सामान्यनाम झाले आहे. एकेकाळी वनस्पती तुपाला जसे डालडा म्हणत, तसे माती उकरणारे कुठल्याही कंपनीचे, कुठल्याही रंगाचे यंत्र म्हणजे जेसीबी. वास्तविक ही एका माणसाची आद्याक्षरे आहेत. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडातल्या अटॉक्सेटर गावी भाड्याच्या एका लहानशा गॅरेजात कामाला सुरुवात केली. त्यांनी विकलेली पहिली वस्तू म्हणजे मागे कलून माल ओतणारी शेतीची ट्रॉली. १९५३ साली त्यांनी एकाच यंत्राला पुढे भरण्याचे मोठे खोरे आणि मागे खणणारा हात बसवला. भारतात ही कंपनी १९७९ साली एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत आली आणि हरियाणातल्या बल्लभगडला कारखाना निघाला. पुढे आपल्या पुण्याजवळ तळेगावलाही निघाला.

'बॉबकॅट'ची कथा याहून गोड आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या लहान गावी सिरिल आणि लुई केलर असे दोन भाऊ लोखंडकामाचा कारखाना चालवीत. (इथेही सिरिलच! माती उचलण्याचा आणि या नावाचा काय ऋणानुबंध आहे, ते व्युत्पत्तिकारांनी पाहावे.) टर्की पक्षी पाळणारा एक शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याचे खुराडे दुमजली, आत जागोजाग खांब, आणि घाण काढायला ट्रॅक्टर आत वळेना. भावांनी १९५७ साली त्याला तीन चाकांचे हलके यंत्र करून दिले. ते जागच्या जागी गर्रकन फिरे आणि वरच्या मजल्यावरही चढवता येई. १९५८ साली मेलरो नावाच्या कंपनीने ते हाती घेतले, १९६० साली त्याला चौथे चाक आले आणि १९६२ साली एका रानमांजराचे नाव मिळाले, तेच बॉबकॅट.

ही गोष्ट ऐकून मी विद्यार्थ्याला म्हटले, "म्हणजे यंत्र आधी झाले आणि मग जागा शोधली, असे नव्हे. जागा अडचणीची होती, म्हणून यंत्र तसे झाले. मग तुझी अडचण काय आहे, ती आधी मोजू."

आता थोडे गणित. गणिताला भिणाऱ्या वाचकांनी हा परिच्छेद डोळे मिटून वाचावा. माती-मुरूम आपल्याकडे ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० लिटर. बंगल्याच्या एका साध्या कामाला दोन ब्रास मुरूम सहज लागतो. त्याचे वजन आठ-साडेआठ टन; ओला असला तर आणखी. घमेल्यात साधारण बारा लिटर, म्हणजे अठरा किलो माल बसतो असे धरले, तर दोन ब्रासला सुमारे ४७० घमेली लागतात. साठ फूट जायचे आणि साठ फूट यायचे, म्हणजे सगळी चाल सतरा किलोमीटरांवर जाते आणि त्यातली निम्मी डोक्यावर ओझे घेऊन. ढकलगाडीत शंभरेक किलो माल घेतला तर फेऱ्या ८५ च्या आसपास. बॉबकॅटसारख्या लहान लोडरच्या लोखंडी खोऱ्यात साडेचारशे किलो घेतला तर फेऱ्या १९. आणि मोठ्या जेसीबीच्या पुढच्या खोऱ्याला अवघ्या सहा.

"मग झालंच की, मॅडम!" तो म्हणाला. "कुठं चारशे सत्तर आन् कुठं एकोणीस!"

सहा आणि एकोणीस हे आकडे माणसाला फार लवकर भुलवतात. मी म्हटले, "चल, तुझी चालू कामे दाखव." जाताना मी शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. त्याला हसू आले. पण बाईंपुढे हसायचे कसे, म्हणून त्याने स्कूटर सुरू केली.

आमच्या गावात नवे प्लॉट दोन-तीन गुंठ्यांचे. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब नि तेहेतीस फूट रुंद. त्यात घर बांधले, पुढे गाडी उभी करायला जागा सोडली, की कुंपणाची भिंत आणि घराची भिंत यांच्यामध्ये उरतो तो एक बोळ. आणि बाग, परसू, आळू, कर्दळ, केळीचा कोपरा हे सगळे असते त्या बोळाच्या पलीकडे. पहिल्या घरी फाटक होते साडेआठ फूट. फाटक पाहून तो खूश झाला. बोळ मोजला; चार फूट दहा इंच. त्यात मध्येच पाण्याच्या टाकीचा नळ भिंतीबाहेर वीतभर आलेला. दुसऱ्या घरी फाटकच सात फूट आणि बोळ साडेचार. तिसऱ्या घरी बोळ सहा फूट होता. पण मागे वळायला जागा नव्हती आणि आठ-नऊ फुटांवर वीज मंडळाची घराकडे येणारी तार लोंबत होती.

मोठा जेसीबी सव्वासात-साडेसात फूट रुंद आणि वजनाला साडेसात टनांच्या आसपास. लहान लोडर पाच-साडेपाच फूट रुंद. म्हणजे पाहिलेल्या तीन घरांपैकी दोन घरांत तो फाटकातून ऐटीत आत आला असता आणि बोळापाशी येऊन बैलासारखा अडून बसला असता. मुरूम पुन्हा घमेल्यांनीच मागे गेला असता. फाटक मोजणारे पुष्कळ भेटतात. मोजायचा असतो तो वाटेवरचा सर्वांत अरुंद घास.

मोजायच्या आणखी दोन गोष्टी त्या दिवशी वहीत लिहिल्या गेल्या. पहिली, पायाखाली काय आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी मोठे यंत्र अंगणात शिरले आणि त्याचे मागचे चाक मैलाच्या टाकीच्या झाकणावर गेले. झाकण माणसांच्या वजनाला केलेले होते, यंत्राच्या नव्हे. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. पण त्या घरची दिवाळी नाकाला रुमाल लावून झाली. टाकी कुठे, पाण्याची नळी कुठून, विजेची तार जमिनीतून गेली आहे का, हे घरमालकाला विचारून चुन्याने आखून ठेवल्याखेरीज कुठलेही यंत्र आत घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र निघून गेल्यावर मागे काय उरावे. लहान लोडरची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. एका बाजूची पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरतात, आणि ते घासत घासत जागेवर वळते. मोकळ्या मातीत हे चालते. लावलेली हिरवळ मात्र सालीसारखी सोलून निघते आणि बसवलेले पेव्हर ब्लॉक जागचे हलतात. चाकांऐवजी रबरी पट्टे असलेले यंत्र वजन पसरून देते, ओल्या जमिनीत कमी रुतते. पण वळताना तेही घासतेच, आणि आमच्या जांभ्याच्या धारदार खड्यांवर ते पट्टे लवकर झिजतात.

आणि झाडे! आंब्याची किंवा फणसाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही बरीच लांब जातात. ओल्या मातीवरून जड यंत्र चार वेळा फिरले, की मातीतली हवा निघून जाते. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळू लागतो, मोहोर रोडावतो, आणि घरातली माणसे म्हणतात, "कुणाची तरी दृष्ट लागली." तोवर यंत्राची आठवण कुणालाच नसते.

संध्याकाळी घरी हिशेब बसला. आमचे हे बँकेत आहेत. जामिनाचा विषय निघाल्यापासून ते वर्तमानपत्राआडून सगळे ऐकत होते. विद्यार्थ्याने सांगितलेल्या कमाईच्या बेरजा त्यांनी शांतपणे पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला, "महिन्यातले किती दिवस?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे यंत्र महिन्यातले किती दिवस चालेल?"

मुलाने बोटे मोजली. महिन्याला सात-आठ कामे. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी यंत्र आत जाणार. प्रत्येक ठिकाणी एक दिवस. म्हणजे चार दिवस.

"आणि जून ते सप्टेंबर?"

तो गप्प. भुदरगडात पावसाळ्यात मातीकाम करायचे म्हणजे चिखलाशी कुस्ती. त्या चार महिन्यांत तो कुंड्या भरतो, रोपे देतो, कुंपणाच्या मेंदीची छाटणी करतो.

"अरे, हप्त्याला पावसाळ्याची सुट्टी नसते," हे म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्राआड गेले. आयुष्यात त्यांनी इतके चांगले वाक्य दुसरे उच्चारले असेल, असे मला आठवत नाही.

"मग भाड्यानं आणतो," मुलगा म्हणाला. त्याचाही हिशेब करावा लागला. मोठा जेसीबी आता पंचक्रोशीत कुठेही मिळतो, आपल्या चाकांवर चालत येतो आणि तासावर पैसे घेतो. लहान लोडर मात्र कोल्हापुराहून आणायचा तर पन्नासएक किलोमीटर दुसऱ्या गाडीवर चढवून आणावा लागतो आणि तसाच परत पाठवावा लागतो. दोन ब्रास मुरमासाठी ते भाडे भरणे म्हणजे पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी रिक्षा करून बाजारात जाणे. पण चार कामे एका आठवड्यात जुळवून आणली, तर तेच भाडे चौघांत वाटले जाते. मोठ्या शहरात जे यंत्र स्वस्त पडते, ते तालुक्याच्या गावी महाग पडते, ते मधल्या रस्त्यामुळे.

इतके झाल्यावर माझ्याकडून नकार द्यायला हरकत नव्हती. कागदावर सगळे स्पष्ट होते. पण मुलगा उठेना. खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, धंद्याचं ऱ्हाऊ दे. आईची मान बघा एकदा."

दुसऱ्या दिवशी मी पाहिली. कामावर त्याची माय आणि दोघी शेजारणी मुरूम वाहत होत्या. लुगड्याच्या चिंधीची चुंबळ डोक्यावर, तिच्यावर घमेले, एक हात वर, दुसरा मोकळा. चुंबळ हा किती नाजूक शब्द आहे! शब्दकोशात त्याचा अर्थ 'ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची वळी' असा दोन ओळींत संपतो. पण तीस वर्षे चुंबळ वागवलेल्या बाईला हाक मारली, तर ती मान वळवीत नाही. सबंध अंगाने वळते. तीही तशीच वळली. पन्नाशीची बाई, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मला म्हणाली, "बाई, डाव्या हातात मुंग्या येत्यात. रातचं भाकरी थापायला बसलं की पीठ कळत न्हाई."

मी विचारले, "मग यंत्र आले तर बरे होईल ना?"

तिने घमेले रिकामे केले, चुंबळ नीट केली आणि म्हणाली, "माजी मान सुटंल. पर ह्या दोघींची चूल कशी पेटायची?"

तिच्या या एका वाक्यापुढे आमचे ब्रास आणि फेऱ्या फिक्या पडल्या. आपण मध्यमवर्गीय माणसे यंत्राविषयी बोलतो तेव्हा दोनच टोके पकडतो. एकतर 'यंत्राने माणसाची मजुरी खाल्ली' असे हळहळतो, नाहीतर 'या काळात घमेली कसली वाहता' असे हिणवतो. त्या बाईला दोन्ही हवे होते. मान सुटायला हवी होती आणि चूल पेटायला हवी होती.

डोक्यावरच्या ओझ्याचा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. आपल्याकडे 'माथाडी' हा शब्दच कायद्यात गेला. माथ्यावर वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत उभी केलेली माथाडींची चळवळ होती. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत त्याच वाटेने चालली. त्याच सुमारास, १९६७ साली, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही माणसाने किती ओझे उचलावे याचा ठराव केला आणि प्रौढ पुरुषाला एका वेळी ५५ किलोंहून अधिक देऊ नये अशी शिफारस केली. बायकांना त्याहून पुष्कळ कमी. पण हे कायदे आणि शिफारसी मोठ्या बाजारपेठांत, गोदीत, गोदामात पोचतात. गल्लीतल्या दोन ब्रासच्या ढिगापर्यंत ते सहसा पोचत नाहीत. तिथे कायदा म्हणजे कंत्राटदाराची बुद्धी, आणि इथला कंत्राटदार तिचाच मुलगा.

मग पुन्हा वही उघडली. या वेळी प्रश्न उलटा मांडला. 'मोठ्यातले लहान यंत्र कोणते' असे न विचारता 'घमेल्याहून एक पायरी वर काय आहे' असे विचारले.

घमेल्याच्या वरची पायरी म्हणजे ढकलगाडी. ही दिसायला इतकी साधी, की तिला यंत्र म्हणायला जीभ वळत नाही. पण आहे ती अस्सल यंत्र. ओझे चाकाजवळ आणि मुठी दूर, म्हणून शंभर किलो मालातले हातावर येतात थोडेच किलो. बाकीचे चाक उचलते. चिनी लोकांनी ती दोन हजार वर्षांपासून वापरली. तिसऱ्या शतकातला त्यांचा प्रसिद्ध सेनापती चुगे लिआंग याच्या नावावर सैन्याचे धान्य वाहणाऱ्या अशा गाडीची कथा आहे. त्यांच्या गाडीचे मोठे चाक मध्यभागी असे, म्हणून हातावर जवळजवळ काहीच भार येत नसे. एक चाक असेल तर अरुंद फळीवरून आणि वळणावरून गाडी नीट जाते. दोन चाके असतील तर सपाटीवर ती कलंडत नाही आणि नवख्या हातालाही जमते. चाक हवेचे असावे. लोखंडी किंवा भरीव चाक मुरमात रुतते आणि प्रत्येक खड्याचा हिसका मनगटाला देते.

तिच्या वरची पायरी म्हणजे इंजिनाची ढकलगाडी. छोटे इंजिन, खाली रबरी पट्टे किंवा चाके, वर माल ओतणारी पेटी. चालवणारा मागून चालतो. रुंदी अडीच-तीन फूट, माल तीनशे किलोंच्या आसपास. दोन ब्रासला २८ फेऱ्या. ती खणत नाही, उंच उचलत नाही, ट्रॉलीत भरून देत नाही. पण साडेचार फुटी बोळातून ती जाते, चढावर दमत नाही, आणि खोऱ्याने ती भरायला माणसे लागतातच. माणसे लागतात हा तिचा दोष यंत्राच्या जाहिरातीत लिहितील. आमच्या वहीत तो गुणांच्या बाजूला लिहिला गेला.

उचलायचे किती यापेक्षा उचलून चालायचे किती, हे विचारावे, असाही एक धडा त्या वहीत आहे. कुठल्याही लोडरचे खोरे शेणखताला पुरते आणि तेच खोरे ओल्या मुरमाने शिगोशीग भरले की यंत्राचा मागचा भाग हलका होतो. चाकांच्या लोडरला जेवढ्या वजनाने तो पुढे कलंडेल, त्याच्या निम्मेच वजन कामात उचलावे असा दंडक आहे. भरलेले खोरे नेहमी जमिनीलगत ठेवून चालायचे आणि चढावर जड बाजू चढाकडे ठेवायची. आमचे गाव सगळे उताराचे. इथे हा नियम पाठ असावा.

शेवटी ठरले ते असे. दोन हातढकलगाड्या ताबडतोब घ्यायच्या. त्यांना कर्ज लागत नाही. एक इंजिनाची गाडी कर्जाने घ्यायची. कर्ज आधीच्या बेताच्या निम्म्याहून खाली आले. मोकळ्या प्लॉटचे मोठे काम निघाले, तर जेसीबी तासावर बोलवायचा, आणि लहान लोडर चार कामे जुळली तरच कोल्हापुराहून आणायचा. आणि माझी एक अट: डोक्यावरून माल वाहणे बंद. ज्या दिवशी कामावर चुंबळ दिसेल, त्या दिवशी मी पतसंस्थेत जाऊन माझी काळजी बोलून दाखवीन.

सही करताना माझा हात थांबला नाही असे नाही. धाकटे काका आठवलेच. पण कर्जाच्या कागदावरच्या आकड्यामागे आता मला चार फूट दहा इंचांचा बोळ दिसत होता, पावसाळ्याचे चार महिने दिसत होते, चालणारे दिवस दिसत होते. काकांनी बहुधा माणसाचा चेहरा पाहून सही केली होती. चेहरा पाहावाच, पण टेपही बरोबर ठेवावी.

खंडेनवमीला त्या गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. मुलाने मला बोलावले होते. गाडी कोण चालवणार, यावर दोघे गडी आधीच भांडत होते. माय पुढे झाली, पदर खोचला, मूठ धरली, आणि भीत भीत का होईना, गाडी बोळातून मागे घेऊन गेली. तिच्या दोघी शेजारणी खोरी घेऊन मागोमाग. ढिगापाशी परत आली तेव्हा मला म्हणाली, "बाई, ही तर म्हशीपेक्षा गरीब हाय."

तिची मान अजून दुखते. तीस वर्षांचे ओझे तीस दिवसांत उतरत नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिले आहेत, ते ती करीत नाही. पण भाकरी थापताना पीठ कळू लागले आहे, असे परवा सांगत होती. पतसंस्थेचा पहिला हप्ता वेळेवर गेला. दुसरा पुढच्या महिन्यात आहे. तारीख आमच्या ह्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहून ठेवली आहे, गॅसच्या नंबराच्या शेजारी.